कांगोगोचे पाच किलोमीटर

शेवटच्या दगडापाशी बिवोटने मोटरसायकल थांबवली, मीटरवरची लाल धूळ अंगठ्याने पुसली आणि आकडा वाचून दाखवला. मागे बसलेल्या जेमेलीने तो पेनने तळहातावर लिहिला. चर्चच्या फाटकापाशी एक आकडा लिहिला होता, त्याखाली आठ दगडांचे आठ. तिने शेवटच्यातून पहिला वजा केला, आणि शाळेपासून वजाबाकीशी वाकडं असल्यामुळे पुन्हा एकदा केला. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं. एकेचाळीस किलोमीटर आणि वर चारशे मीटर.

हे अंतर चाळीस असायला हवं होतं.

"तुझं मीटर बिघडलंय," ती म्हणाली.

बिवोट तिच्या मावशीचा मुलगा. इटेनच्या चौकात भाड्याने मोटरसायकल चालवायचा आणि कुणाचं एक ऐकून घ्यायचा नाही. आत्ता सकाळीच सेलिनाच्या गटाचा रस्ता मोजला तेव्हा नव्हतं का बिघडलं, असं त्याने विचारलं. तिथे कसे मोजून चाळीस आले? मीटरला काय कळतं, कुठला रस्ता कुणाच्या नवऱ्याचा ते.

जेमेली खाली उतरली आणि दगडापाशी उकिडवी बसली. चुन्याने रंगवलेला, वर काळ्या रंगात ठसठशीत चाळीस. आकडा तिच्या नवऱ्याच्या, कांगोगोच्या हातचा होता. हे आठही दगड त्यानेच दोन वर्षांपूर्वी दर पाच किलोमीटरवर बसवले होते, तिच्यासाठी. लेक जेबेट तेव्हा दहा महिन्यांची होती आणि जेमेलीला पुन्हा पळायचं होतं. दगड रंगवून तो संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याच्या नखांत चुना गेला होता, आणि तिला वाटलं होतं, असा नवरा शोधून सापडणार नाही.

तिने तळहातावरचे मधले आकडेही वजा करून पाहिले. पहिल्या दगडापर्यंत पाच आणि वर पावणेदोनशे मीटर. पुढच्यापर्यंत तेवढेच. त्याच्या पुढेही तेवढेच, शंभर मीटर इकडे की तिकडे एवढाच काय तो मीटरचा फरक. चुकून झालं असतं तर एखाद्या वळणावर झालं असतं, एखाद्या नाल्यापाशी झालं असतं. सगळीकडे सारखं चुकायला फार लक्ष द्यावं लागतं.

"चल," ती म्हणाली.

"घरी?"

"घरी नाही. सेलिनाकडे."

सेलिना तिच्याच वयाची, बरोबर पळणारी, आणि सहा दिवसांपूर्वी हे सगळं तिच्यामुळेच निघालं होतं. कांगोगो काकाच्या मयताला कापसोवारला गेला होता. जेमेलीला लांबचं पळणं चुकवायचं नव्हतं, म्हणून ती सेलिनाच्या गटात शिरली. इथला हिशोब पोराबाळांना पाठ आहे. कच्च्या रस्त्यावर चाळीस किलोमीटर दोन तास बावीस मिनिटांच्या आत आले, तर शर्यतीत बेचाळीस अडीच तासांच्या आत येतात. कांगोगोमागे पळताना जेमेलीचे चाळीस दोन तास पंचवीसच्या खाली कधी आलेच नव्हते. कधी पंचवीस, कधी सव्वीस. दोन वर्षं. आणि सेलिनाच्या गटात ते दोन तास एकवीसला आले. तिला आनंद झाला नाही. तिला वाटलं, यांचा रस्ता आखूड आहे, बिचाऱ्या पोरी फसताहेत.

सेलिना अंगणात चुलीवर चहा उकळत होती. जेमेलीने तळहात तिच्यासमोर धरला. सेलिनाने आकडे पाहिले, मग चहात साखर घालायला जरा जास्तच वेळ लावला.

"तुला माहीत नव्हतं?" तिने शेवटी विचारलं.

आता इटेनची एक रीत आहे. दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय ते लोक खुशाल झाकण उघडून बघतील, पण दुसऱ्याचा सराव विचारणार नाहीत. कोण किती पळतं, कशामागे पळतं, किती वेळात येतं, हे ज्याचं त्याच्याकडे. विचारणारा चोर समजला जातो. म्हणून सेलिनाही कधी बोलली नव्हती. त्यांच्या गटातल्या एका मुलीने दगडांच्या त्या रस्त्याने धावून पाहिलं होतं, प्रत्येक पाच लांब भरले होते, आणि तेव्हापासून पोरींत ती एक थट्टाच झाली होती. कुणी भाकरीचा मोठा तुकडा घेतला की म्हणायच्या, हा कांगोगोचा पाच किलोमीटर. त्यांना वाटायचं, नवराबायको ठरवून जड सराव करताहेत. शर्यत मग हलकी जाते म्हणून.

"असंही असेल," सेलिना म्हणाली. "चांगल्यासाठीच केलं असेल त्याने."

जेमेलीला ते पटावंसं फार वाटलं. तिने चहा संपेपर्यंत ते पटवून घेण्याचा प्रयत्न केला. पण शर्यती हलक्या कुठे गेल्या होत्या? दोन शर्यती झाल्या, दोन्हींत कांगोगो पुढे आणि ती त्याच्या पाठीला चिकटून, आणि दोन्ही वेळा अडीच तास उलटून दोन मिनिटं. कारण तिचा वेग तेवढाच, असं तोच म्हणायचा, आणि तेवढ्याच वेगाने न्यायचा.

आणि एक गोष्ट कुठल्याच हिशोबात बसत नव्हती. पंचवीस लागले की ती त्या शेवटच्या दगडावर बसून रडायची. कांगोगो शेजारी बसायचा. गाईच्या सडाला लावतात तो मलम खिशात ठेवायचा, तिच्या पोटऱ्या चोळून द्यायचा आणि म्हणायचा, होईल गं, शरीर अजून सावरतंय. स्वतःच्या शर्टाने तिचं तोंड पुसायचा. सावकाश पळवलं, ते एक वेळ समजून घेता आलं असतं. पण हा माणूस तिचे डोळे पुसत बसला होता, त्या दगडावर, तो दगड कुठे आहे हे ठाऊक असून. केसाने गळा कापणं म्हणतात ते याला.

शर्यत नऊ दिवसांवर होती. किमायो, म्हणजे परदेशच्या शर्यतींत पळणारे निवडणाऱ्या मॅनेजरचा इथला माणूस, त्याने तिला स्पष्ट सांगून टाकलं होतं. तू तेहतीस वर्षांची. माझ्याकडे विशीतल्या पोरी रांगेत आहेत. एल्डोरेटला अडीच तासांच्या आत आलीस तर शरद ऋतूतल्या शर्यतीला तुझं नाव पाठवतो. नाही आलीस तर माझ्याकडे पुन्हा येऊ नकोस, मलाही वाईट वाटतं. किमायो तसा भला माणूस होता. वाईट वाटतं म्हणाला तर त्याला खरंच वाटायचं.

घरी आली तेव्हा कांगोगो मक्याचं पीठ वैरून उगाली घोटत होता. जेबेट त्याच्या पायाशी लाकडी चमचा घेऊन तेच करत होती. वस्तीतल्या बायका या माणसावरून आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारत. बघा, स्वयंपाक करतो, पोरीला सांभाळतो, बायकोपुढे पळतो. तो स्वतः एकदा दोन तास नऊ मिनिटांत पळाला होता, रॉटरडॅमला. मग गुडघा गेला, आणि तो वेग पुन्हा आला नाही. त्या शर्यतीचा फोटो भिंतीवर होता, आणि पाहुणा आला की तो त्याच्याकडे पाठ करून बसायचा.

जेमेलीने तळहात धुतला होता. पेनाची शाई पुरती गेली नव्हती.

"शर्यतीआधी दगड एकदा परत मोजून घ्यायचे का?" तिने विचारलं.

कांगोगोचा हात थांबला नाही. "कशाला?"

"असंच. पावसात सरकले असतील."

"दगडांना काय पाय फुटतात?" तो हसला. "मी स्वतः मोजलेत. एकदा नाही, दोनदा."

तिने पातेल्यातली भाजी वाढून घेतली आणि पोरीला भरवायला बसली. आत्ता, आत्ता बोलेल, असं तिला जेवण संपेपर्यंत वाटत राहिलं. तो हवामानाबद्दल बोलला. काकाच्या मयताला कोण कोण आलं होतं ते बोलला. मग, कुणी विचारलं नसताना, वरच्या आळीतल्या रूथचं बोलला. रूथ दोन वर्षांपूर्वी जर्मनीत शर्यत जिंकून आली, स्वतःच्या नावावर घर बांधलं, आणि तिचा नवरा आता भावाच्या गोठ्याशेजारी राहतो. मयताच्या मांडवात सगळे त्याला हसत होते म्हणे.

"तू पण हसलास?" जेमेलीने विचारलं.

"मी कशाला हसू," तो म्हणाला आणि ताट उचलून बाहेर गेला.

तिला वाटलं असतं तर तेव्हाच बोलता आलं असतं. तिने ताकास तूर लागू दिली नाही. ती काही घाबरली नव्हती. विचारलं तर तो उत्तर देईल आणि ते पटण्यासारखं असेल, हे तिला माहीत होतं. जड सराव, हलकी शर्यत. आणि मग ते खरं की खोटं हे तिला जन्मात कळणार नव्हतं. त्यापेक्षा शर्यतीतच काय ते दिसेल. तिथल्या पाट्या कांगोगोने लावलेल्या नसतात. तिथे त्याने वेग धरला तर दगडांचं नावसुद्धा काढायचं नाही, असं तिने स्वतःशी ठरवून टाकलं. तिला त्याला पकडायचं नव्हतं. त्याने सुधारून घ्यावं एवढंच तिला हवं होतं, आणि ते तिला अडीच तासांइतकंच हवं होतं. घोडामैदान जवळच होतं.

रविवारी सकाळी एल्डोरेटला सुरुवातीच्या दोरीपाशी तिने बाही सारखी केली आणि कांगोगोला तिच्या मनगटावरचं घड्याळ दिसलं.

आजवर घड्याळ त्याच्याच हातावर असायचं. तीही इथली रीतच. पुढे पळणाऱ्याने वेळ बघायची, मागच्याने पाठ बघायची. मागचा घड्याळ बघायला लागला की त्याचं डोकं पळतं, पाय राहतात. बायका वर्षानुवर्षं अशाच कुणाच्या तरी पाठीमागे पळतात, आणि चांगली पाठ मिळणं हे नशीब समजतात.

"हे कुणाचं?" त्याने विचारलं.

"सेलिनाचं."

तो घड्याळाकडे बघत राहिला. मग त्याने मान हलवली आणि पुढे तोंड करून उभा राहिला. म्हणजे त्याला कळलं होतं. निदान कळायला जागा होती. जेमेलीला हलकं वाटलं, खरंच हलकं वाटलं. आता तो नीट नेईल.

पहिले दहा किलोमीटर तिने घड्याळ बघितलं नाही. त्याच्या मानेवरच्या घामाची रेघ ओळखीची होती, डावा खांदा किंचित खाली ठेवायची खोड ओळखीची होती. दहाच्या पाटीला तिने बघितलं. वीस-बावीस सेकंद उशीर. सुरुवात आहे, गर्दी होती, तिने त्याच्या वतीने स्वतःलाच सांगितलं. अर्ध्यावर चाळीस सेकंद. आता गर्दी नव्हती. पुढे रस्ता लांबवर मोकळा होता आणि त्यावर विशीतल्या दोन मुली लहान लहान होत चालल्या होत्या.

वाढवेल, तिला वाटलं. त्याची पद्धत असेल.

पंचवीसच्या पाटीला पन्नास सेकंद. तिच्या पायांत त्रास नव्हता. छाती मोकळी होती. नेहमी या सुमाराला ज्या जड कळा सुरू व्हायच्या, त्या आल्याच नव्हत्या, कारण तिच्या पायांना हे पंचवीस म्हणजे जवळजवळ चोवीसच वाटत होते. एवढी ताकद शिल्लक असताना दुसऱ्याच्या पाठीमागे बांधून घेतल्यासारखं पळायचं, हे पळण्यापेक्षा अवघड होतं. बाजूने सुटावं, असं पायांना केव्हाचं वाटत होतं. ती सुटली नाही. सुटली असती तर त्याला संधी उरली नसती. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, प्रत्येक पाटीला ती आता म्हणायची, आणि प्रत्येक पाटीनंतर तीच पाठ, तोच खांदा, तोच वेग.

एकोणतिसाव्याला ती त्याच्या कानाशी आली.

"वाढव," ती म्हणाली.

"दम धर. पुढे चढ आहे."

पुढे चढ होता, हे खरं होतं. तो सदतिसाव्या किलोमीटरला होता. तरी तिने दम धरला. आणखी एक किलोमीटर, पूर्ण एक किलोमीटर, तिने दम धरला. तिसाव्या पाटीला घड्याळात एक तास सत्तेचाळीस मिनिटं चाळीस सेकंद झाले होते, आणि मग तिने डावीकडून पाऊल टाकलं आणि त्याच्या बरोबरीला आली. तिने वळून त्याच्याकडे बघितलं. त्याला धाप लागलेली नव्हती. तोंड मिटलेलं, नाकाने श्वास, बाजारातून भाजी घेऊन परत येणाऱ्या माणसासारखा. त्यानेही तिच्याकडे बघितलं. त्याच्या तोंडावर राग नव्हता, लाज नव्हती. विनवणी होती. तेच तिला सगळ्यात असह्य झालं.

"जेमेली," तो म्हणाला.

ती पुढे गेली.

त्यानंतरचं तिला तुटक आठवतं. समोर पाठ नसली की वारा थेट छातीवर येतो, हे ती विसरली होती. विशीतली एक मुलगी चौतिसाव्याला मागे पडली. चढावर लोक दोन्ही बाजूंनी ओरडत होते आणि एक म्हातारी छत्री उलटी धरून तिच्याबरोबर वीस पावलं धावली. हिशोब करायचं तिने सोडून दिलं होतं, कारण हिशोब तिला माहीत होता. शेवटच्या वळणावर दोरीवरचं मोठं घड्याळ दिसलं. तिथून ती जशी पळाली तशी ती कधीच पळाली नव्हती, आणि ते आकडे तिच्यासमोरच बदलले.

दोन तास, तीस मिनिटं, सात सेकंद.

ती गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली. कुणीतरी पाणी दिलं. कुणीतरी डोक्यावर ओलं फडकं ठेवलं. ती दुसरी आली होती, हे तिला बायकांनी सांगितलं, आणि त्या नाचायला लागल्या. सेलिनाच्या गटातल्या पोरीही होत्या. दुसरी आलेल्या बाईने रडू नये म्हणून ती रडली नाही.

किमायो गर्दीतून आला. त्याच्या हातात कागद होता आणि चेहरा खरोखरच पडला होता.

"सात सेकंद," तो म्हणाला. "सात! मी काय करू सांग? सात सेकंद मी त्यांना कसे समजावू? त्यांना आकडा लागतो." त्याने कागदावर बोट ठेवलं. "आणि हे बघ. शेवटचे बारा. आज इथे एवढ्या वेगाने बायकांत कुणीच पळालं नाही, पहिली आलेली पोरसुद्धा नाही. एवढं अंगात होतं तर आधी का नाही सुटलीस? दोन किलोमीटर आधी सुटली असतीस तरी झालं असतं."

"हो," ती म्हणाली. "झालं असतं."

"मग कसली वाट बघत होतीस?"

कांगोगो तोवर पोचला होता. पिशवीतून तिचा स्वेटर काढून तो हातात घेऊन उभा होता, शर्यत संपली की नेहमी उभा राहायचा तसाच, दोन पावलांवर. जेमेलीने त्याच्याकडे बघितलं.

"नवऱ्याची," ती म्हणाली.

बायका खो खो हसल्या. एकजण म्हणाली, अगं, घरी बघावी वाट, ती रस्त्यात कोण बघतं? दुसरी म्हणाली, एवढं प्रेम बरं नाही बाई. किमायोलाही हसू आलं, एवढ्या दुःखातही. त्याने कांगोगोच्या खांद्यावर थाप मारली आणि तिला विचारलं, "मग? आला का शेवटी?"

"नाही," जेमेली म्हणाली.

तो समोरच उभा होता म्हणून सगळे पुन्हा हसले. कांगोगोने स्वेटर पुढे केला. तिने घेतला नाही, तेव्हा तो त्याने घडी घालून परत पिशवीत ठेवला.